सकाळी उठल्यावर काय काय पितेस?

काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. आईचं काही झालं की काय, हाच पहिला विचार. आणि तू कुजबुजत म्हणालीस, "ताई, केशरी होतेय गं. माझं लिव्हर गेलं का?" मी अर्धवट झोपेत "काही होत नाही, झोप" म्हणून फोन ठेवला. ते तुला लागलं असणार, माहितीये मला. म्हणून आज लॅबमधून आले, कुकर लावला आणि लिहायलाच बसले. फोनवर तुझ्या सासूबाई शेजारी असतात, सगळं बोलता येत नाही. हे एकटी असताना वाच.

आधी त्या केशरी लघवीचं. तुझ्या टीबीच्या गोळीत चार औषधं आहेत, त्यातलं रिफाम्पिसिन मुळातच विटकरी रंगाचं. शरीरातून बाहेर पडताना ते लघवी, घाम, अश्रू सगळ्यांना आपला रंग देत जातं. गोळी घेतल्यावर काही तासांत रंग चढतो, पुढे ओसरतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट गोळी पोटात गेल्याची ती पावतीच समज. एक मात्र कर, त्या सॉफ्ट लेन्स डबीत ठेव आणि सहा महिने चष्मा लाव. लेन्सला तो रंग कायमचा बसतो, आणि तुझ्या त्या लेन्स किती महाग आहेत ते मला ठाऊक आहे.

काविळीची लघवी वेगळी दिसते. ती गोळीच्या वेळेकडे बघत नाही, दिवसभर गडद, कोऱ्या चहासारखी. आमच्याकडे सँपलची बाटली हलवली की कळतं, एरवी फेस पांढरा असतो, बिलिरुबिन, ते काविळीचं पिवळं द्रव्य, असलं की फेससुद्धा पिवळा. त्याच वेळी शौचाचा रंग उतरतो, मातकट पांढुरका होतो. आणि डोळे बघायचे ते सकाळी खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, खालची पापणी ओढून. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येकीचे डोळे पिवळेच दिसतात. तू रात्री साडेअकराला तेच करत होतीस ना?

आता म्हणशील, मग ताई एवढं लांबलचक का लिहितेय? कारण तुझा प्रश्न चुकीचा नव्हता गं, फक्त वेळ चुकीची होती. यकृताला औषधाने इजा होते, आणि आपल्या देशात ती सगळ्यात जास्त होते ती टीबीच्याच औषधांनी. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या डॉ. हर्षद देवरभावींनी 1997 ते 2008 मधल्या अशा 313 रुग्णांचा हिशोब मांडला होता. त्यातल्या शंभरातल्या 58 जणांना इजा झाली होती टीबीच्या औषधांनी. पुढे देशभरातल्या डॉक्टरांनी मिळून 1288 जणांची नोंद केली, ती 2021 मध्ये छापून आली. तिथेही पहिला नंबर टीबीच्या गोळ्यांचाच, शंभरात 46. आणि दुसरा नंबर कशाचा असेल? काढे, चूर्णं, आसवं, जडीबुटी. शंभरात 14. हा दुसरा नंबर लक्षात ठेव, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

पण हे आकडे नीट वाचायचे हं. हे ज्यांचं यकृत बिघडलं त्यांच्यातले आकडे आहेत, गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांचे नाहीत. आपल्याकडे टीबी जास्त, गोळ्या घेणारे जास्त, म्हणून इजाही त्यांच्याच खात्यावर जास्त. घेणाऱ्यांतले बहुतेक सहा महिने गोळ्या पुऱ्या करतात आणि सुटतात. काहींचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीतला तो आकडा, पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत थोडं वर जातं आणि गोळ्या चालू असतानाच आपसूक खाली येतं. यकृत सवय करून घेतं. म्हणून रिपोर्टवर 40 च्या जागी 70 दिसलं की गोळ्या गटारात टाकायच्या नाहीत. डॉक्टर साधारण हिशोब असा धरतात: मळमळ, उलट्या, कावीळ असा त्रास असताना एसजीपीटी तिपटीवर गेलं, किंवा काहीही त्रास नसताना पाचपटीवर गेलं, तर औषध थांबवायचं. मग आकडे खाली आले की एकेक औषध परत सुरू करून बघायचं, कोण सोसतंय आणि कोण नाही. चौघांतलं एथॅम्ब्युटॉल यकृताच्या वाटेला जात नाही. बाकी तिघं जातात, आणि त्यात पायराझिनामाइड जास्त खोडकर. ते पहिल्या दोन महिन्यांतच असतं, म्हणून सुरुवातीचे आठवडे जपायचे.

तू दुसरा प्रश्न विचारला होतास, की बंद करू का. नको. मनाने बंद करायचं नाही आणि मनाने रेटायचंही नाही. अन्नाचा वास नको झाला, उलट्या थांबेनात, उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी तोंडात टाकण्याआधी डॉक्टर गाठायचे. त्याच दिवशी. सोमवारी ओपीडी आहे म्हणून शनिवार-रविवार काढायचा नाही. तुझ्या वॉर्डातल्या नागरी आरोग्य केंद्राच्या ताईंचा नंबर फ्रिजवर लावून ठेव. टीबीच्या रुग्णांना पोषणासाठी मिळतात ते निक्षय योजनेचे महिन्याचे 1000 रुपये खात्यात येताहेत ना ते बघ, 2024 च्या नोव्हेंबरपासून 500 चे 1000 झालेत. ते अंडी, दूध, डाळीवरच घालायचे. उपाशी, खंगलेल्या शरीरात ही इजा जास्त होते, आणि तुझं वजन 44 किलो आहे. सोळा सोमवार पुढच्या वर्षी कर.

आणि एक कानात सांगायचं राहिलं. रिफाम्पिसिन यकृताला जोरात कामाला लावतं. इतकं, की दुसरी औषधं यकृत भराभर मोडून टाकतं. त्यात तुझी ती रोजची गर्भनिरोधक गोळीही आली. टीबीच्या उपचारात तिच्या भरवशावर राहायचं नाही. नवऱ्याला सांग, लाजू नकोस. थायरॉइडच्या गोळीचा डोसही कदाचित वाढवावा लागेल, तेव्हा थायरॉइडच्या डॉक्टरांना टीबीचं आणि टीबीच्या डॉक्टरांना थायरॉइडचं सांग. सांगितलंयस का? तुझं उत्तर मला इथे नेरूळला बसून ऐकू येतंय.

आता त्या दुसऱ्या नंबरावर येते. तुझ्या सासूबाई सोसायटीमागच्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल आणतात, बोट-बोट लांबीचे तुकडे ठेचून रात्री भिजत घालतात आणि सकाळी तुला पेलाभर काढा देतात. त्या मायेनेच देतात, मी त्यांच्या हातचं जेवलेय, मला माहितीये. गुळवेल आपल्याकडे अमृतासारखी मानतात आणि कडुलिंबावरची तर सगळ्यात उत्तम. कोविडमध्ये तिला काय दिवस आले होते आठवतंय? आपल्या ठाणे जिल्ह्यातल्याच शहापूरच्या कातकरी तरुणांच्या गटाला मोठमोठ्या कंपन्यांकडून साडेतीनशे टन गुळवेलीची मागणी आली होती, 1.57 कोटी रुपयांची. रानातली वेल विकून त्या पोरांचं भलं झालं, त्याचा मला आनंदच आहे.

पण त्याच दिवसांत, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत, मुंबईत जसलोकच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराल यांच्याकडे एकामागून एक असे 6 रुग्ण आले. कावीळ झालेले, आणि गुळवेल घेत असलेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते 2021 मध्ये छापलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की गुळवेल कधी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटवते, किंवा असा आजार आत दबून असेल तर तो उघडा पाडते. म्हणजे बघ, लोक घेत होते प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. त्यावर जुलै 2021 मध्ये आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीला दोष देणं दिशाभूल करणारं आहे, घेतलेली वेल नक्की गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असते, असं त्यांचं म्हणणं. टिनोस्पोरा क्रिस्पा ती, तिच्या खोडावर फोडांसारख्या ठळक गाठी असतात. हरकत अगदीच फोल नव्हती, कारण बाजारात कोण कसली वेल ठेचून विकतं कुणी बघितलंय. पण मग 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची नोंद मांडली. निम्म्याहून जास्त बायका. घ्यायला लागल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत मधला काळ साधारण 46 दिवस. काहींना आधीचा यकृताचा आजार होता आणि तो भडकला, काहींचं यकृत एकाएकी निकामी झालं.

मला विचारशील तर मी गुळवेलीला विष म्हणणार नाही. लाखो लोकांनी काढा प्यायला आणि त्यांना काही झालं नाही. पण तुझा थायरॉइड हा प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटण्यातलाच आहे, डॉक्टरांनी तेव्हा अँटीबॉडीज बघून सांगितलं होतं. म्हणजे तू त्या लाखांतली नाहीस. वर टीबीची तीन औषधं यकृताला डिवचतायत. उद्या डोळे पिवळे झाले तर डॉक्टरांनी काय थांबवायचं, गोळी की काढा? तुझ्या काढ्यापायी त्यांना टीबीचं औषध थांबवावं लागेल, मानेतली टीबीची गाठ तशीच राहील. मला खरा राग या गोष्टीचा आहे.

आणि हे मी वरून सांगत नाहीये. आता ऐक, हे आईलाही सांगितलेलं नाही.

2021 च्या मे महिन्यात मी रोज सकाळी गुळवेलीचा तयार रस घ्यायचे, दोन झाकणं. शिवाय हळदीच्या कॅप्सूल, मिरीचा अर्क घातलेल्या, कारण मिरीने हळद अंगी लागते म्हणे. लॅबमध्ये आमची धांदल चाललेली, दिवसाला शेकडो ट्यूबा. थकवा यायचा, म्हटलं सगळ्यांनाच येतोय. एक दिवस सुईचा हात बसावा म्हणून नवीन पोरीला माझंच रक्त काढायला दिलं. ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढली. तुला माहितीये ना, फिरवल्यावर लाल खाली बसतं आणि वर सिरम येतं, वाळल्या गवताच्या रंगाचं, पाणीदार. रोज हजार वेळा बघितलेला रंग. माझ्या ट्यूबमध्ये तो हळद कालवलेल्या पाण्यासारखा होता. मला वाटलं ट्यूब बदलली. लेबल तीनदा वाचलं. मग गुपचूप लावलं मशीनवर. एसजीपीटी 612, बिलिरुबिन 3.8.

गेले डॉक्टरांकडे. त्यांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, "नाही." खोटं बोलावं म्हणून नाही गं. खरंच वाटलं की औषधं कुठे घेते मी. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळं तपासलं. सोनोग्राफी झाली. सगळं निगेटिव्ह, नॉर्मल. दुसऱ्या खेपेला परत विचारलं, परत मी "नाही." आकडे चढतच होते, आणि मी घरी येऊन अशक्तपणा जावा म्हणून दोनाची तीन झाकणं केली होती! तिसऱ्या खेपेला ते थांबले, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बरं, सकाळी उठल्यावर काय काय पिता, काय काय खाता, रात्री झोपेपर्यंतचं सांगा." मग आलं सगळं बाहेर. गुळवेल, हळद, केसांच्या गोळ्या, अधूनमधून मैत्रिणीने दिलेलं ग्रीन टीचं कॅप्सूल. सगळं बंद. अडीच महिन्यांनी एसजीपीटी 34.

नेमकं कशाने झालं, हे मला आजवर सांगता येत नाही, आणि कुणालाच येणार नाही. गुळवेल होती की हळद? हळदीबद्दल हसू नकोस. भाजीतल्या हळदीने काही होत नाही, ती आपण पिढ्यान् पिढ्या खातोय. पण अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारं एक जाळं आहे, त्यांनी 2022 मध्ये हळदीच्या गोळ्यांचे 10 रुग्ण मांडले. आठ बायका. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकीचं यकृत निकामी होऊन मृत्यू. दहांतल्या सातांत एकच जनुकीय खूण सापडली, जी एरवी फार थोड्यांत असते. म्हणजे ज्याच्या अंगात ती खूण, त्यालाच बाधतं, शेजारणीला तेच खाऊन काही होत नाही. म्हणून "मी दहा वर्षं घेतेय, मला कुठे काय झालं" हे कुणी म्हटलं की त्याला काही अर्थ नसतो.

आणि हे नीट समजून घे, कारण मी इतकी वर्षं लॅबमध्ये आहे तरी मला ते तेव्हा उमजलं. काविळीच्या विषाणूची तपासणी आहे. "ही इजा या औषधाने झाली" असं सांगणारी तपासणी नाही. आमच्याकडे त्याचं कुठलंही किट येत नाही. डॉक्टर आधी बाकीचं सगळं एकेक करून बाद करतात, मग तारखा जुळवतात: कधी सुरू केलं, कधी त्रास झाला, थांबवल्यावर कधी उतरला. म्हणजे अर्धी तपासणी तुझ्या तोंडात आहे. तू गप्प बसलीस तर मशीन काही बोलत नाही. मी लॅबवाली असून तीन खेपा गप्प बसले.

बाद करण्यात पहिला मान अर्थात विषाणूंचा. आपल्या देशात एकाएकी यकृत निकामी होण्याचं मोठं कारण औषधं नव्हेत, हिपॅटायटिस ई आणि ए, म्हणजे घाणेरडं पाणी. 1955-56 मध्ये दिल्लीत पाण्यातून पसरलेली ती मोठी साथ, 29,000 च्या आसपास लोकांना कावीळ झाली होती, ती हिपॅटायटिस ईची होती हे खूप नंतर कळलं. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत या विषाणूवर कितीतरी वर्षं काम झालंय. गरोदर बाईला तो फार वाईट छळतो. म्हणून टीबीच्या गोळ्या चालू असताना कावीळ झाली तरी डॉक्टर ती तपासणी सांगतील. "उगाच बिल वाढवतात" म्हणू नकोस. आणि स्टेशनबाहेरची पाणीपुरी पावसाळ्यात बंद. कोपरखैरणेला उतरलीस की पाय आपोआप तिकडे वळतात तुझे.

आता जरा भीती घालते, एकदाच. यकृत एकाएकी निकामी होणं म्हणजे काय ते तुझ्या घरात कुणाला तरी माहीत असायला हवं, कारण तेव्हा तुला स्वतःला कळणार नाही. कावीळ झालेलं माणूस दिवसा झोपायला लागतं आणि रात्री टक्क जागं असतं. चिडतं, एकच प्रश्न तीनदा विचारतं, सही वेडीवाकडी येते. हात पुढे पसरून मनगट वर धरायला सांगितलं की पंजे फडफडतात. हे थकव्याने होत नाही. यकृताने गाळायचा अमोनिया रक्तात राहतो, मेंदूपर्यंत जातो आणि मेंदूला सूज येते. अशा वेळी घरातले म्हणतात, "दमलीये, झोपू दे." झोपू द्यायचं नाही. रिक्षा बोलवायची.

आणखी एक आमच्या धंद्यातली गोष्ट. घरचे लोक रिपोर्ट घ्यायला येतात आणि फक्त एसजीपीटी बघतात. कालचं 2,000, आजचं 600. खूष होतात, पेढे वाटायचेच बाकी. मी काउंटरच्या अलीकडून बघत असते की त्याच कागदावर बिलिरुबिन वर चढलंय आणि पीटी-आयएनआर 1.4 वरून 2.6 झालाय. एसजीपीटी हे मरणाऱ्या पेशींतून सांडतं. सांडायला पेशीच उरल्या नाहीत तरी आकडा उतरतो! आणि रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत बनवतं, ती बनेनाशी झाली की आयएनआर वाढतो. म्हणून खरा कारभार चालतोय की नाही ते आयएनआर सांगतो. आम्हाला पेशंटला रिपोर्टचा अर्थ सांगायला मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. पण अशा वेळी मी एवढं नक्की म्हणते, "हा रिपोर्ट आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना दाखवा, घरी नेऊ नका." आणि डॉक्टरांनाही फोन लावते.

हायमन झिमरमन नावाचे अमेरिकन डॉक्टर होऊन गेले, त्यांनी एक साधी गोष्ट हेरली: औषधाने नुसतं एसजीपीटी वाढलं तर सहसा निभावतं, पण सोबत कावीळही झाली तर साधारण दहांत एकाच्या जिवावर बेततं. बंगळुरूच्या त्या 313 जणांत तर शंभरातले 17 गेले. वेळेवर पोचलं तर करता येण्यासारखं पुष्कळ असतं. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध आहे. 2009 मध्ये अमेरिकेतून 173 रुग्णांवरचा अभ्यास आला. नुकती गुंगी यायला लागली असताना ज्यांना ते मिळालं त्यांच्यातले 52 टक्के रोपणाशिवाय वाचले, न मिळालेल्यांतले 30 टक्के. खोल बेशुद्धीत गेल्यावर दिलं तर तसा उपयोग दिसला नाही. शेवटी रोपण उरतं, आणि बेलापूरपासून परळपर्यंत ती सोय आहे. पण मधले दोन दिवस माळेत गेले तर काय उपयोग?

माळ म्हटलं आणि मला आपल्या आत्याच आठवल्या. काविळीची माळ. डोक्यावर ठेवायची, दिवसागणिक मोठी होत गळ्यात, मग कमरेत आणि शेवटी पायातून निघते, की कावीळ उतरली. काड्या ओल्या असताना बांधलेल्या असतात, सुकल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. तुला न घालता खिळ्याला टांगली तरी लांबेल. चुन्याच्या पाण्याने हात धुतले की पाणी पिवळं होतं, तेही कावीळ नसलेल्याने धुवून बघावं. साधी हिपॅटायटिस एची कावीळ आपली आपण बरी होते, म्हणून माळेला यश मिळतं. नुसती माळ घालणाऱ्यावर मी रागवत नाही, घालू दे. पण तिच्यासोबत उपाशीपोटी पाल्याचा रस देतात, वर "डॉक्टरचं काही घ्यायचं नाही, नाहीतर गुण येणार नाही" अशी अट घालतात. तुला कुणी घेऊन जायला निघालं तर माझं नाव सांग. ताई ओरडेल म्हण.

पॅरासिटामॉलचंही सांगूनच टाकते, कारण तू डोकं दुखलं की 650 टाकतेस. ते वाईट औषध नाही. यकृत त्यातलं बहुतेक सुखाने निकालात काढतं, थोडा भाग मात्र विषारी होतो, आणि तो पुसायला यकृताकडे ग्लुटाथिओन नावाचं पोतेरं असतं. एकदम फार गोळ्या गेल्या, किंवा माणूस उपाशी असला, दारू पीत असला, की पोतेरं पुरत नाही. एडिंबरोच्या डॉक्टरांनी 1966 मध्ये पहिल्यांदा हे छापलं, आणि पुढे त्याच गावात त्यावर उतारा रूढ झाला, तोच एन-ॲसिटिलसिस्टीन. पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम म्हणतात. ती तुझी नव्हे. 44 किलो वजन आणि वर टीबीच्या गोळ्या, तुझी मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घे. आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं, अंगदुखीच्या गोळीतही तेच. नावं निराळी, आत एकच. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं, चष्मा लावलायसच तर वाच.

मी रविवारी येतेय. नऊ पंचवीसची ठाण्याची लोकल धरीन. तोवर एक काम कर. त्या निळ्या कापडी पिशवीत घरातलं सगळं भर: टीबीची, थायरॉइडची, ती दुसरी गोळी, केसांची, कॅल्शियमची, उरलेल्या पट्ट्या, बाटल्या, आणि तुझ्या नवऱ्याचा जिमचा डबा पण, कारण मागच्या वेळी तू त्यातलं चमचाभर दुधात घेताना मी बघितलंय. जुन्या डायरीत तारखा लिही, कधीपासून काय. सोमवारी डॉक्टरांकडे ती पिशवी तशीच घेऊन जायची आणि टेबलावर ओतायची. लाज वाटली तर मी सोबत असेन, सुट्टी टाकलीये.

काढ्याचं तू सासूबाईंजवळ काही बोलू नकोस, तुमच्यात वाजेल. फक्त उद्यापासून "पोट जड आहे" म्हणून पेला बाजूला ठेव. रविवारी ताई येतेय आणि तिला तुमच्या हातचं वालाचं बिरडं हवंय, एवढाच निरोप दे. वाल सोलायला मी त्यांच्याजवळ बसेन. तेव्हा माझा 612 चा किस्सा त्यांना सांगते.